बातम्यांतलं बेळगाव आणि गणपत गल्लीतलं बेळगाव

महाराष्ट्रातल्या माणसाला बेळगाव आधी बातमीत भेटतं आणि ती बातमी बहुधा महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाचीच असते. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली. त्यानंतर पहिल्यांदा तिकडे जाणारा बिचकला, तर त्याला हसण्यासारखं काही नाही. पण गावात शिरल्यावर हे बिचकणं फार काळ टिकत नाही.

गणपत गल्लीतल्या एका दुकानात मी कुंदा ही बेळगावची मिठाई घेत होतो. मालक माझ्याशी मराठीत बोलत होते. बोलता बोलता त्यांनी पोऱ्याला कानडीत काहीतरी आणायला सांगितलं आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईंना कोकणीत भाव सांगितला. तिन्ही भाषांत आवाज तोच, घाईही तीच. मी निघायला लागलो तर म्हणाले, "बसा की, चहा घेऊन जावा." किल्ल्यात गेलं की तेराव्या शतकाच्या आरंभी उभी राहिलेली कमल बस्ती हे जैन मंदिर दिसतं आणि त्याच तटाच्या आत सफा मशीदही आहे. शिवछत्रपतींचा जयजयकार ही ज्यांची युद्धघोषणा, त्या मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रही याच शहरात आहे.

मग हे नाव भांडणाशी का जोडलं गेलं? माझ्या मते याच सरमिसळीमुळे. डिसेंबर १९२४ मध्ये इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी ज्याचे अध्यक्ष होते असं हे एकमेव अधिवेशन. ते घडवून आणणारे गंगाधरराव देशपांडे टिळकांचे अनुयायी, आणि त्यांनाच लोक कर्नाटक सिंह म्हणत. त्याच मांडवात कर्नाटक एकीकरणाची पहिली परिषद भरली. पुढे १९४६ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलनही बेळगावातच झालं आणि तिथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव मंजूर झाला. दोन्ही भाषांनी आपापल्या राज्याचं स्वप्न एकाच गावात मांडलं, कारण दोघींचंही ते घर होतं. ही गोष्ट दोन्हीकडच्या भाषणांत फारशी ऐकू येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

१ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातला हा भाग म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यातच राहिला. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ मध्ये या सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग नेमला गेला. पुढच्याच वर्षी आलेल्या अहवालाने निपाणी, खानापूर महाराष्ट्राला देऊ केलं, पण बेळगाव शहर नाही. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात पोलिसांच्या गोळ्यांनी माणसं गेली. हिंडलग्याला त्यांचं स्मारक आहे. बेळगाव पाहायला जाणाऱ्याने तिथेही जावं. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. कर्नाटकाने २००६ पासून इथे विधानसभेची अधिवेशनं भरवायला सुरुवात केली, २०१२ मध्ये त्यासाठी सुवर्ण विधानसौध ही इमारत उभी केली आणि २०१४ मध्ये शहराचं अधिकृत नाव बेळगावी केलं. आता एक नोव्हेंबरला एकाच शहरात राणी चन्नम्मा चौकात राज्योत्सवाचा जल्लोष असतो आणि मराठी वस्त्यांतून निषेध म्हणून काळ्या दिनाची फेरी निघते.

एका दिवसाचं चित्र वर्षभराचं मानलं की पाहुणा फसतो. मात्र बाजारातला गोडवा पाहून 'प्रश्न उरलाच नाही' म्हणणाराही तितकाच फसतो. २०१८ च्या कर्नाटक विधानसभेत, हा भाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार निवडून आला नाही, म्हणून मराठी माणसाची तक्रार संपली असं झालेलं नाही. सरकारी कागद मराठीतून मिळावेत, ही त्याची मागणी आजही उभी आहे. दावा निकाली निघेपर्यंत या मागणीने थांबून राहावं, असं काही कारण मला दिसत नाही.