शेणावरचे टेकोडे

पावसाळ्यात पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत वारुळांवर सात्या, म्हणजे खायच्या छत्र्या, निघाल्या की घरोघरी भाजी शिजते. गोठ्यामागच्या शेणावरच्या टेकोड्यांना, म्हणजे तिथं उगवणाऱ्या छत्र्यांना, मात्र कोणी हात लावत नाही. म्हाताऱ्या 'कुत्र्याची छत्री' म्हणतात, विषय संपला. हल्ली पोरं मोबाइलवर शोधतात ती नशेची जात अशीच शेणावर वाढणारी. अर्ल या अमेरिकी अभ्यासकानं १९०६ साली क्युबातल्या नमुन्यावरून तिची नोंद केली, म्हणून नाव 'क्युबेन्सिस'.

अशा छत्र्या ओळखण्यातला घोळ मात्र त्याहून जुना. १७९९ साली लंडनच्या ग्रीन पार्कात एकानं न्याहारीसाठी छत्र्या वेचल्या आणि घरच्यांना खाऊ घातल्या. आठ वर्षांचं पोर हसत सुटलं. आईबाप रागावले तरी थांबेना. डॉक्टर ब्रँडे यांनी ते लिहून ठेवलं.

मेक्सिकोत तर शिकलेलेच फसले. अझ्टेक लोक 'तेओनानाकात्ल' नावाची छत्री खातात, असं स्पॅनिश पाद्री साहागून यांनी सोळाव्या शतकात नोंदवलं होतं. १९१५ साली सॅफर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञानं सांगून टाकलं, छत्री वगैरे काही नाही, तो वाळलेला पेयोटी, नशा आणणारा निवडुंग! तिकडे ओआहाकाच्या डोंगरातले माझातेक लोक रात्रीच्या विधीत ती खातच होते. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. १९३८ मध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ शुल्टेस तिथून नमुने घेऊन आले, तेव्हा सॅफर्डचं म्हणणं मोडलं. १९५७ साली वॉसन या अमेरिकी हौशी अभ्यासकाचा या विधीवरचा लेख गाजला. मग मारिया साबिना या वैदू बाईच्या गावी परदेशी पोरांची रीघ लागली, आणि पुढे तिचं घरही जाळलं गेलं.

१९५८ मध्ये स्विस रसायनशास्त्रज्ञ हॉफमन यांनी या छत्र्यांतलं नशेचं द्रव्य वेगळं केलं: सिलोसायबिन. शरीरात त्याचं सिलोसिन होतं आणि ते मेंदूत निरोप पोचवणाऱ्या सेरोटोनिन या द्रव्याच्या जागी जाऊन बसतं. चारसहा तास रंग-आकार बदलतात, वेळेचं भान सुटतं. मळमळ होते, कोणाला भयंकर धास्ती बसते. भारतात १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात ते बंदीत आहे.

छत्री दाबल्यावर निळी पडते म्हणजे तीच नशेची जात, असं समजणारे आहेत. निळ्या पडणाऱ्या छत्र्या इतरही असतात. तपकिरी, लहान छत्र्यांमध्ये अमाटॉक्सिन या जीवघेण्या विषाच्याही निघतात. त्या खाल्ल्यावर सहाबारा तास काहीच जाणवत नाही. उलट्या सुरू होईस्तोवर विष यकृतात पोचलेलं असतं. दवाखान्यात धावताना न शिजवलेली एखादी छत्री कागदात गुंडाळून सोबत न्यावी, डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतील.