सिग्नल आला म्हणजे पोझिशन झाली का? थोडी पार्श्वभूमी

स्वतःची ट्रेडिंग सिस्टम (कधी घ्यायचं, कधी विकायचं हे ठरवणारे नियम) पहिल्यांदा कोड करणाऱ्या बहुतेकांना हा प्रकार माहितीये. कंडिशन लिहिली की क्लोज (दिवसाचा शेवटचा भाव) मागच्या २० दिवसांच्या हायच्या वर गेला की घ्या, आणि चार्ट उघडला तर खरेदीच्या हिरव्या बाणांची रांगच लागलेली. कारण ट्रेंडमधे कंडिशन रोजच खरी ठरते आणि माल आधीच घेतलाय हे कोडला कोणी सांगितलेलंच नसतं. मग लोक पोझिशन, म्हणजे आत्ता आपण बाजारात कुठल्या बाजूला आहोत, ते सांगणारं एक व्हेरिएबल आणतात, लॉन्ग (घेऊन बसलेलो) असलो तर १, शॉर्ट (आधी विकलंय, नंतर घ्यायचंय) असलो तर -१, काहीच नसेल तर ०. दिसायला इतकं साधं, पण बॅकटेस्ट (जुन्या भावांवर घेतलेली चाचणी) आणि लाइव्हचे आकडे जुळत नाहीत तेव्हा निम्म्या वेळा गोची इथेच सापडते, आणि ती नवीन नाहीये.

सुरुवात रिचर्ड डॉन्चियनपासून करू. १९४९ ला अमेरिकेत त्याने फ्युचर्स इन्क नावाचा फंड काढला, लोकांचे पैसे घेऊन कमोडिटी फ्युचर्समधे (पुढच्या तारखेच्या सौद्यांत) लावणारा तसा पहिलाच म्हणतात. त्याचा चार आठवड्यांचा नियम अजून चालतो: चार आठवड्यांचा हाय तुटला की शॉर्ट कापून लॉन्ग व्हा, लो तुटला की उलटं करा. बाहेर बसायचं हा पर्यायच नाही, म्हणजे स्टेट (आपण कुठल्या अवस्थेत आहोत ते) दोनच. आणि माझ्या मते यातली खरी मजा ही की पोझिशन लक्षात ठेवायचीच गरज नाही, वही हरवली तरी चार्ट बघून शेवटचा ब्रेकआउट कुठल्या बाजूला झाला ते शोधलं की आपण कुठे आहोत ते कळतं. सगळी माहिती भावातच आहे. पुढचा सगळा इतिहास मला तरी असाच दिसतो, की कुठली स्टेट नुसत्या भावावरून परत काढता येते आणि कुठली येत नाही.

१९७८ ला वेल्स वाइल्डरने एका पुस्तकात पॅराबोलिक एसएआर मांडला (आरएसआय, एटीआर, एडीएक्स हे इंडिकेटर पण त्याच पुस्तकातले, माणूस मूळचा मेकॅनिकल इंजिनिअर). हाही स्टॉप अँड रिव्हर्स, स्टॉप (जिथे ट्रेड बंद करायचा तो भाव) लागला की उलट बाजूला जायचं, म्हणजे कायम बाजारात, पण इथे प्रत्येक दिवसाचा स्टॉप आदल्या दिवसाच्या स्टॉपवरून निघतो. शिवाय या ट्रेडमधला सगळ्यात टोकाचा भाव लक्षात ठेवायचा आणि ०.०२ पासून सुरू होणारा, प्रत्येक नव्या टोकाला ०.०२ ने वाढणारा आणि ०.२० ला थांबणारा फॅक्टरही. भाव असले तरी मधूनच उडी मारून आजचा आकडा काढता येत नाही, मागून एकेक दिवस चालत यावं लागतं. म्हणूनच दोन सॉफ्टवेअरमधे डेटा वेगवेगळ्या तारखेपासून सुरू केला तर सुरुवातीचे आकडे जुळत नाहीत आणि लोक फुकटचे सॉफ्टवेअरला शिव्या घालतात.

टर्टल्सनी मात्र कमाल केली. रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट यांची पैज, ट्रेडर घडवता येतो का जन्माला यावा लागतो, आणि त्यातून १९८३ च्या शेवटाला शिकायला घेतलेली माणसं, म्हणजेच टर्टल्स, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलीये. पण त्यांची पहिली सिस्टम कोडमधे उतरवायला बसा मग कळेल. २० दिवसांच्या ब्रेकआउटला आत, १० दिवसांच्या उलट्या ब्रेकआउटला बाहेर, इथवर ठीक. पण आधीचा ब्रेकआउट फायद्यात गेला असेल तर हा सोडायचा. आणि आधीचा म्हणजे तुम्ही घेतलेला नव्हे, तो घेतला असो वा सोडलेला, लॉन्ग असो वा शॉर्ट, घेतला असता तर काय झालं असतं ते बघायचं. म्हणजे कोडमधे दोन पोझिशन सांभाळायच्या, एक खरी आणि एक भुताची. भुताच्या ट्रेडलाही एन्ट्री प्राइस हवी, त्याचा २एनचा स्टॉप हवा (एन म्हणजे २० दिवसांचा एटीआर, दिवसाची सरासरी हालचाल समजा), त्याची एक्झिट हवी, आणि सोडलेला ब्रेकआउट तुफान पळाला तर ५५ दिवसांच्या ब्रेकआउटला खरोखरच आत शिरायचं. नेटवर टर्टल नावाने फिरणाऱ्या बऱ्याच कोडमधे भुताचा भागच नसतो, नुसता माझा मागचा ट्रेड फायद्यात होता का तोट्यात एवढंच तपासतात, ती वेगळीच सिस्टम झाली.

त्यात भर म्हणजे पिरॅमिडिंग, भाव अर्धा एन आपल्या बाजूने सरकला की अजून एक युनिट (ठरलेला एक हप्ता), असे चारपर्यंत. आता १, ०, -१ पुरत नाही, किती युनिट आहेत, शेवटचं कुठे घेतलं, सगळ्यांचा स्टॉप आता कुठे, हे सगळं लागतं. वर संबंधित मार्केट मिळून किती युनिट चालतील यालाही मर्यादा, म्हणजे तांब्यात घ्यायचं का ते दुसऱ्या धातूत काय घेतलंय त्यावर ठरणार, आणि एका चार्टवरून पोझिशन काढायची सोय इथे संपली.

सॉफ्टवेअरवाल्यांनी यावर दोन वाटा काढल्या. बिल आणि राल्फ क्रूझ या भावांच्या ओमेगा रिसर्चने १९९१ ला ट्रेडस्टेशन आणलं, त्याची इझीलँग्वेज ही भाषा एकेक बार (चार्टवरची एक काडी) चालत जाते आणि मार्केटपोझिशन विचारलं की १, ० किंवा -१ हातात देते, बार्ससिन्सएन्ट्री, एन्ट्रीप्राइस सगळं तयार. दुसरी वाट पूर्ण अॅरेवर (सगळ्या दिवसांच्या आकड्यांच्या यादीवर) एकदम गणित करायची, ती ॲमिब्रोकरची. टोमाश यानेचको या पोलिश माणसाने १९९५ ला अमिगा कॉम्प्युटरसाठी काढलेलं हे सॉफ्टवेअर (नावातला ॲमी तिथलाच), आपल्याकडे रिटेलमधे बरेच जण यावरच शिकले. वेग भन्नाट, पण अॅरेला "आत्ता मी कुठे आहे" कळत नाही, म्हणून एक्सरेम आणि फ्लिप ही दोन फंक्शन. एक्सरेम जास्तीचे बाण पुसतं, फ्लिप बायपासून सेलपर्यंत सलग १ भरतं. आणि इथेच लोक फसतात. अप्लायस्टॉप या फंक्शनने लावलेला स्टॉपलॉस फॉर्म्युला संपल्यावर बॅकटेस्टरमधे चालतो, एक्सरेमला त्याची खबरच नाही. स्टॉप लागून ट्रेड केव्हाच बंद झाला, पण सेल सिग्नल आलेला नाही म्हणून एक्सरेम पुढचे सगळे बाय पुसत बसतं. एक्सरेम सिग्नल मोजतं, पोझिशन नाही.

पायथनवाल्यांनी तीच चूक नव्या कपड्यात आणली. पांडाज या लायब्ररीत सिग्नलच्या कॉलमला एफफिल मारायचं (रिकाम्या जागी आधीचा आकडा भरायचा), शिफ्ट एक द्यायचा (एक दिवस पुढे सरकवायचं), रिटर्नने गुणायचं, तीन ओळीत बॅकटेस्ट. शिफ्ट विसरला तर आजच्या क्लोजवर निर्णय आणि आजच्याच चालीचा नफा, हे आता बहुतेकांना माहितीये. पण शून्याला दोन अर्थ असतात हे कमी जणांना सुचतं, एक "सिग्नल नाही" आणि एक "बाहेर पडा". एफफिलसाठी सगळे शून्य रिकामे केले की एक्झिटही गेल्या आणि सिस्टम कायम आतच. इक्विटी कर्व्ह (खात्यातल्या पैशांचा आलेख) मात्र बुल मार्केटमधे छान दिसतो, त्यामुळे कोणी तपासत नाही!

लाइव्हमधे आलं की स्टेट भावावरून निघतच नाही, कारण ऑर्डर अर्धी भरते, रिजेक्ट होते, मधेच अडकते. फिडेलिटी आणि सॉलोमन ब्रदर्स यांच्यात १९९२ ला सुरू झालेल्या फिक्स प्रोटोकॉलमधे (ऑर्डरचे निरोप पाठवायची ठरलेली पद्धत) म्हणूनच ऑर्डरची अवस्था, किती भरली आणि किती उरली याचे वेगवेगळे रकाने आहेत. हा हिशोब चुकला तर काय होतं ते १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या अमेरिकन ट्रेडिंग कंपनीने दाखवलं. त्यांच्या पॉवर पेग नावाच्या जुन्या कोडमधे ऑर्डर पूर्ण भरली का ते मोजणारा भाग होता, तो २००५ ला दुसरीकडे हलवला आणि जुना कोड तसाच पडून राहिला. २०१२ ला नवा कोड चढवताना आठपैकी एक सर्व्हर राहिला, तिथे जुना कोड जागा झाला. २१२ ऑर्डर भरायच्या होत्या, पण भरल्या हे त्याला कळेचना, म्हणून पाठवतच राहिला. साधारण ४५ मिनिटांत ४० लाखांहून जास्त सौदे, १५४ शेअर, ३९.७ कोटी नग, ४६ कोटी डॉलरच्या वर तोटा. स्ट्रॅटेजी वाईट नव्हती, मोजणी बंद पडली होती.

आपल्याकडचे खाचखळगे वेगळे. कॅश सेगमेंटमधे शॉर्ट त्याच दिवशी कापावा लागतो, म्हणून डेली डेटावर ज्या शेअरला फ्युचर्सच नाहीत त्यात -१ रात्रभर धरणारी बॅकटेस्ट म्हणजे निव्वळ कल्पना. इंट्राडे पोझिशन तुम्ही नाही कापली तर शेवटाला ब्रोकर कापतो, आणि तुमच्या स्क्रिप्टच्या फाइलमधे तोपर्यंत १ च लिहिलेलं, सकाळी ती सेल मारते आणि नको असलेला शॉर्ट तयार. म्हणून सुरू होतानाच ब्रोकरच्या एपीआयकडून (प्रोग्रॅमला ब्रोकरशी बोलायची सोय) पोझिशन मागवायची आणि आपली फाइल त्याच्याशी ताडून बघायची, फरक असेल तर ऑर्डर न टाकता थांबायचं.

निफ्टी फ्युचर्स जून २००० ला सुरू झाले तेव्हा लॉट (एका कॉन्ट्रॅक्टमधले नग) २०० चा होता, मग तो बऱ्याचदा बदलला, २०२४ च्या एप्रिलमधे २५ आणि त्याच वर्षी २० नोव्हेंबरपासून नव्या कॉन्ट्रॅक्टना ७५. ज्यांनी पोझिशन लॉटमधे साठवली त्यांचे जुने १ आणि नवे १ वेगळे निघाले, त्यामुळे स्टेटमधे नगच लिहा आणि लॉट साइज तारखेप्रमाणे वेगळ्या टेबलात ठेवा.