युरोपला माकूल (स्क्विड) पाठवायचंय? कॅच सर्टिफिकेट नेमकं कुठे अडतं

बंदरावर अजून बऱ्याच बोटमालकांना वाटतं, कॅच सर्टिफिकेट, म्हणजे मासळी कायदेशीर पकडल्याचा दाखला, ही निर्यात कंपनीची भानगड. अर्ज कंपनीच करते, खरं आहे. पण तो अडतो बोटीच्या कागदावर, आणि मग माल शीतगृहात पडून राहतो.

1 जानेवारी 2010 पासून समुद्रात पकडलेली मासळी या दाखल्याशिवाय युरोपीय संघात उतरत नाही. चोरट्या, बेनोंदणी मासेमारीला आळा म्हणून हा नियम आला. आपल्याकडे दाखला प्रमाणित करते एमपीईडीए, म्हणजे केंद्राचं सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण. तळ्यात पिल्लं सोडून वाढवलेल्या व्हनामी कोळंबीला तो लागत नाही, गोड्या पाण्यातल्या माशालाही नाही. तळ्याच्या कोळंबीचं दुखणं वेगळं, अँटिबायोटिकच्या अवशेषांचं. तरी तिच्यासाठी हा दाखला मागत हेलपाटे घालणारे भेटतातच.

कागद मोजकेच: नौकेची नोंदणी, मासेमारी परवाना, मासळी उतरवल्याची नोंद, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट. यातली उतरवल्याची नोंद कुणाकडेच धड नसते. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, सांगतो, "चार दिवस होतो, माकूल बरं लागलं." किती किलो, कुठल्या जाळ्याने, कुठल्या तारखांना? चिठ्ठी बर्फाच्या पाण्यात विरघळलेली. मग कंपनीचा कारकून अंदाजाने आकडे भरतो, आणि एकाच बोटीची एकच फेरी दोन कंपन्यांच्या अर्जांत दोन वेगळ्या वजनांनी दिसते. असा अर्ज मागे येणारच.

परवान्याची तारीख नीट बघा. मासळी पकडली त्या दिवशी परवाना चालू असायला हवा. अर्जाच्या दिवशी असून भागत नाही. फेरी 12 जानेवारीची आणि नूतनीकरण 20 जानेवारीचं, तर नवा कागद कितीही कोरा करकरीत असो, ती मासळी गेली. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै बंदी असते. त्या दिवसांतली यांत्रिक बोटीची तारीख चुकून जरी पडली, तरी उत्तरं देता देता नाकी नऊ येतात.

छोट्या नौकांसाठी सोपा दाखला आहे. एका खेपेत अनेक बोटींची मासळी असली तरी एकच कागद चालतो आणि प्रत्येक तांडेलाच्या सहीमागे धावावं लागत नाही. अट वाचताना मात्र लोक "12 मीटरपेक्षा कमी" एवढ्यावरच थांबतात. ती अट ओढून न्यायचं जाळं नसलेल्यांसाठी आहे. ट्रॉलरला मर्यादा 8 मीटर. पण लांबी जास्त असूनही नौका 20 ग्रॉस टनांच्या आत असेल, किंवा तिच्यावर केबिनसारखं बांधकाम नसेल, तरी ती बसते. नोंदणीपत्रावरचा टनांचा रकाना आधी बघा.

नावाचाही घोळ होतो. आपल्या माकुलाचं शास्त्रीय नाव पूर्वी लोलिगो डुव्हाउसेली होतं, आता युरोट्युथिस डुव्हाउसेली. दाखल्यावर एक आणि खोक्यावर दुसरं असलं की तिकडचा अधिकारी बोट ठेवणारच. पकडल्याची जागा "अरबी समुद्र" एवढीच लिहू नका. एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) क्षेत्र 51, पश्चिम हिंदी महासागर, असं हवं. साफ केलेल्या मालाचं वजन अख्ख्या मासळीच्या रकान्यात टाकणारेही कमी नाहीत.

मुदत तिकडच्या आयातदाराची, पण वेळेत कागद पाठवायचा आपण. जहाज पोचण्याच्या किमान तीन कामाच्या दिवसांआधी दाखला सादर व्हावा लागतो. विमानाने माल जात असेल तर चार तास आधी. शनिवार-रविवार धरायचे नाहीत. सोमवारी पोचणाऱ्या कंटेनरचा कागद आधीच्या बुधवारी हवा, शुक्रवारी नव्हे. 10 जानेवारी 2026 पासून आयातदाराला ही सगळी माहिती 'कॅच' या संगणक प्रणालीत भरावी लागते. मोबाइलवर काढलेला, शिक्का न दिसणारा फोटो पाठवलात तर रात्री फोन येईल.

बोटमालकांनो, दहा रुपयांची वही घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत घालून केबिनमध्ये टांगा. तारीख, जाळं, मासळी, किलो. पेन्सिलनेच लिहा; बॉलपेनची शाई ओल्या कागदावर फुटते.