ओल्ड कोर्स : एकाच पट्ट्यावरून जाण्यायेण्याचा इतिहास

स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यात उत्तर समुद्राकाठी असलेल्या सेंट अँड्र्यूज गावच्या ओल्ड कोर्स या गोल्फ मैदानाचा आराखडा कोणा एका माणसाने काढलेला नाही. शेतजमीन आणि किनारा यांच्यामधल्या वाळूच्या उंचसखल पट्ट्याला तिकडे लिंक्स म्हणतात. कोकणात पुळणीच्या मागे असते तशीच ही जमीन, फक्त सुरूच्या जागी आखूड, चिवट गवत आणि गॉर्सची काटेरी झुडपे. नांगराला निरुपयोगी असल्यामुळे ती गावाच्या सामायिक वापरात राहिली.

धनुर्विद्येचा सराव मागे पडतो म्हणून स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ मध्ये गोल्फवर बंदी घातली, म्हणजे खेळ त्याआधीच देशात रुजला होता. १५५२ मध्ये आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांना या लिंक्सवर ससे पाळण्याची मुभा मिळाली आणि त्याच दस्तऐवजात गावकऱ्यांचा तेथे गोल्फ खेळण्याचा हक्कही मान्य झाला. पुढे कर्जात बुडालेल्या नगरसभेने १७९७ मध्ये ही जमीन विकली, ती सशांच्या व्यापाऱ्यांकडे गेली आणि बिळांनी पोखरलेल्या मैदानावरून गोल्फर व व्यापारी कोर्टात उभे राहिले. १८२१ मध्ये जमीनदार जेम्स चीप यांनी जमीन विकत घेतली, तेव्हा हे प्रकरण मिटले.

मैदानाच्या रचनेचे मर्म या पट्ट्याच्या अरुंदपणात आहे. खेळाडू गावाकडून निघून टोकापर्यंत जात आणि त्याच होलवरून (होल म्हणजे चेंडू घालायचा खळगा आणि तिथवरचा खेळाचा टप्पाही) उलटे खेळत परतत, त्यामुळे एका फेरीत २२ होल होत. १७६४ मध्ये सुरुवातीच्या चार होलचे दोन केले गेले. ते परतीच्या वाटेवरही लागत असल्याने एकूण चार कमी होऊन १८ उरले, आणि हाच आकडा पुढे जगभर प्रमाण ठरला. एकोणिसाव्या शतकात गर्दी वाढली, तेव्हा ग्रीन, म्हणजे खळग्याभोवतीची गुळगुळीत हिरवळ, रुंद करून प्रत्येकावर दोन होल खणण्यात आले. आजही सात ग्रीन जोडीचे आहेत. त्यांवर जातानाच्या होलला पांढरा व येतानाच्या होलला लाल झेंडा असतो आणि दोन्ही होलच्या क्रमांकांची बेरीज दर वेळी १८ येते : दुसरा-सोळावा, तिसरा-पंधरावा, याप्रमाणे आठवा-दहावापर्यंत.

१८६५ पासून मैदानाची देखभाल करणाऱ्या ओल्ड टॉम मॉरिस यांनी पहिल्या होलसाठी स्वतंत्र ग्रीन तयार केला. तोपर्यंत फेरी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने होत असे; नव्या ग्रीनमुळे उलट दिशेनेही खेळता येऊ लागले. काही काळ दोन्ही दिशा आळीपाळीने चालल्या आणि अखेर उलटी दिशाच कायम झाली. बंकर, म्हणजे वाटेत अडथळा म्हणून असलेले वाळूचे खड्डे, मात्र होते तिथेच राहिले. बाराव्या होलच्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारण्याच्या जागी, उभे राहिले तर समोर निव्वळ हिरवळ दिसते. ग्रीनवर पोचून मागे वळून पाहिले की आपण ओलांडून आलेले सगळे बंकर आ वासून आपल्याकडेच पाहत असतात.