मर्यादित विधिमंडळ (मुंबई इलाखा आणि कोकण)

निवडणूक होते, विरोधक सभागृहात बसतात, बोलतात, पण सत्तेकडे जाणारे दरवाजे कायद्यानेच आधी लावून ठेवलेले असतात, अशा विधिमंडळाला मर्यादित किंवा अर्धलोकशाही विधिमंडळ म्हणतात.

मुंबई इलाख्यात याची सुरुवात कधी धरायची यावर एकमत नाही. 1861 च्या कायद्याने कौन्सिलात बिनसरकारी मेंबर आले म्हणून काहीजण तिथून मोजतात, पण ते सगळे नेमलेले होते. 1892 ला नगरपालिका, लोकल बोर्डं यांनी नाव सुचवायचं आणि सरकारने नेमायचं असं झालं, प्रश्न विचारता यायला लागले, बजेटवर बोलता यायचं पण मत टाकता येत नव्हतं. 1909 ला निवडणुकीचं तत्त्व उघडपणे मान्य झालं, तरी पास झालेला ठराव सरकारवर बंधनकारक नव्हताच. इथे 1909 धरलंय, तेच जास्त पटतं.

1919 च्या कायद्याने खाती वाटली गेली. शिक्षण, आरोग्य, शेती मंत्र्यांकडे आणि पैसा, पोलीस, जमीन महसूल गव्हर्नरच्या बाजूला. कोकणचा जिवाभावाचा प्रश्न खोतीचा (गावाचा सारा, म्हणजे जमीन महसूल, खोताने कुळांकडून गोळा करून सरकारात भरायची पद्धत), आणि तो पडला महसुलात.

मतदारयादीचं बघायला हवं. गावाकडे मतासाठी साधारण 32 रुपये साऱ्याची जमीन लागायची, रत्नागिरीत जमिनीच हलक्या म्हणून 16. सवलत वाटते, पण खोती गावात सरकारात सारा भरायचा खोत, आणि कूळ अर्धेल-तिर्धेल, म्हणजे पिकाचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा, खोताच्या घरी घालायचं, मग 16 रुपयांची नोंद त्याच्या नावावर लागणार कुठून? 1935 च्या कायद्याने यादी वाढली, तरी सगळ्या प्रौढांना मत नव्हतंच, वर जास्त मालमत्तेच्या मतदारांचं दुसरं सभागृह बसवलं.

1937 च्या निवडणुकीत डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे 14 आमदार आले (काही ठिकाणी 15 दिलेत, 14 जास्त भरवशाचा वाटतो). डॉ. आंबेडकरांनी त्याच वर्षी 17 सप्टेंबरला खोती रद्द करायचं बिल मांडलं. इथे 1935 च्या कायद्याचं कलम 299 महत्त्वाचं, ते फार कमी वेळा सांगितलं जातं. जमिनीवरचे हक्क काढून घेणारं किंवा बदलणारं बिल मांडायचं तर गव्हर्नरची आधी मंजुरी लागायची, आणि ती द्यायची की नाही हे तो स्वतःच्या मर्जीने ठरवायचा, मंत्र्यांच्या सल्ल्याला तो बांधील नव्हता. म्हणजे उद्या विरोधक बहुमतात आले असते तरी ही कडी तशीच राहिली असती. बिल पुढे सरकलं नाही. जानेवारी 1938 मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले, ज्यांच्यातल्या कितीतरी जणांचं नाव मतदारयादीत नव्हतं ते दारात येऊन उभे राहिले.

नोव्हेंबर 1939 ला काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि 1935 च्याच कायद्याच्या कलम 93 खाली 1946 पर्यंत गव्हर्नरनेच कारभार केला.

खोती गेली ती 1949 च्या कायद्याने, अंमल 1950 पासून. दापोली, गुहागरकडच्या जुन्या सातबाऱ्यांवर इतर हक्कात कुळाचं नाव अजून सापडतं.