श्वेतपत्रिका म्हणजे चौकशी नव्हे

खाडीचं पाणी अडवणारा खारबंधारा फुटून भातशेतीत खारं पाणी शिरलं की कोकणात मागणी ठरलेली: ‘श्वेतपत्रिका काढा, दोषी सापडतील.’ नाही सापडत. श्वेतपत्रिका म्हणजे सरकारनेच मांडलेला आपल्या कामाचा हिशेब. २०१२ची महाराष्ट्राच्या सिंचनाची श्वेतपत्रिकाही जलसंपदा खात्यानेच लिहिली होती. साक्षीदार बोलावण्याचा अधिकार १९५२च्या कायद्याखालच्या चौकशी आयोगाला. (शिक्षा तोही देत नाही.)

म्हणून श्वेतपत्रिका मागायचीच, तर रकाने ठरवून मागा: बंधाऱ्याची लांबी, मूळ अंदाजपत्रक, सुधारित किंमत, झालेला खर्च, उघाडीची (बंधाऱ्यातल्या पाणी बाहेर सोडायच्या दाराची) झडप शेवटची कधी बदलली, आणि किती हेक्टर खरोखर लागवडीखाली आहे. घोळ होतो तो या शेवटच्या रकान्यात. प्रत्यक्षाऐवजी ‘प्रस्तावित’ क्षेत्र भरलं, की फुटका बंधाराही कागदावर शाबूत.