पॅनफिशसाठी छोटे जिग

पॅनफिश जिग म्हणजे डोक्याशी शिशाचा किंवा दुसऱ्या धातूचा गोळा ओतलेला छोटा गळ, आणि त्याच्या दांडीवर पिसं, दोरा नाहीतर मऊ प्लॅस्टिकचं अंग. कोकणात खाडीवर गरवणाऱ्याकडे गरी, शिसं आणि आमिष या तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात, जिगमध्ये त्या तिन्ही एकातच येतात. पॅनफिश ही काही एक जात नाही, अमेरिका आणि कॅनडातल्या तळ्यांत जे मासे साधारण तळहाताएवढे असतात आणि अख्खे तव्यात मावतात त्या सगळ्यांना मिळून हे नाव आहे: ब्लूगिल, पम्पकिनसीड, रेडइअर, काळी आणि पांढरी क्रॅपी, यलो पर्च वगैरे. अपवाद असतातच, अलाबामातल्या केटोना लेकमध्ये १९५० साली पकडलेला ब्लूगिल ४ पाउंड १२ औंसांचा, म्हणजे २ किलोच्या वर भरला होता आणि जागतिक रेकॉर्ड म्हणून अजून तोच सांगतात.

जिग निवडताना लोक आधी रंगाकडे बघतात, पण आधी बघायचं ते वजन, आणि त्याचं कारण माशाच्या तोंडात आहे. ब्लूगिल खाणं झडप घालून चावत नाही, तो जवळ येऊन थांबतो, निरखतो आणि मग फटकन तोंड उघडून पाणी आत ओढतो, त्या पाण्याबरोबर किडा आत जातो. ही ओढ लांब पोचत नाही, जेमतेम तोंडाच्या रुंदीएवढ्या अंतरातच तिच्यात जोर असतो. आता तिथे लटकणारा जिग जड असला किंवा दोरी जाड आणि ताठ असली तर पाणी आत जातं आणि जिग जागेवरच राहतो, वर फ्लोट (दोरीवरचा तरंगणारा बोंडा) नुसता थरथरतो आणि काठावरचा माणूस म्हणतो की मासे आज नखरे करतायत. म्हणून ब्लूगिलसाठी १/६४ किंवा १/३२ औंस, म्हणजे साधारण अर्धा ते पाऊण-एक ग्रॅम, गळ ८ किंवा १० नंबरचा (नंबर वाढला की गळ बारीक होतो, नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो) आणि दोरी २ ते ४ पाउंडांची, म्हणजे तेवढा ताण सोसणारी. १/१६ औंस वारा असला किंवा खोल पाणी असलं तर ठीक, एरवी तो फार लवकर खाली जातो.

क्रॅपीचं प्रकरण थोडं वेगळं. तिचं तोंड मोठं, ती छोटे मासेही खाते, म्हणून ६ किंवा ४ नंबरचा गळ आणि १/३२ ते १/१६ औंसाचं डोकं चालतं. पण जबड्याकडची कातडी कागदासारखी पातळ असते, हिसका मारला की गळ फाडून बाहेर येतो, नुसती काठी उचलायची. दुसरं म्हणजे क्रॅपीची नजर वरच्या बाजूला असते, जिग तिच्या खाली गेला तर ती सहसा खाली वळून बघत नाही, त्यामुळे मासे किती खोल आहेत ते कळलं की जिग त्यांच्या थोडा वरच ठेवायचा. वसंतात पाणी १६ ते २० सेल्सिअसच्या आसपास आलं की क्रॅपी अंडी घालायला काठाजवळ येते, मिसिसिपीतल्या ग्रेनाडा किंवा टेनेसीतल्या रीलफूट लेकवर तेव्हा गर्दी असते.

रंगाबद्दल माणसागणिक वेगळं शास्त्र ऐकायला मिळेल. गढूळ पाण्यात पोपटी-पिवळा किंवा काळा, स्वच्छ पाण्यात पांढरा, तपकिरी, ऑलिव्ह, एवढ्यावर भागतं, बाकीचे पन्नास रंग दुकानदारासाठी.

घरी जिग करायचं म्हणजे दोन कामं, डोकं ओतणं आणि अंग बांधणं. डोक्यासाठी ॲल्युमिनियमचा दोन पाखांचा साचा मिळतो, त्यात गळ बसवायचा, साचा मिटायचा, वरून वितळलेलं शिसं ओतायचं आणि गार झाल्यावर वरचं शेपूट पक्कडीने तोडायचं. शिसं ३२७ सेल्सिअसला वितळतं, साचा थंड असला तर ते पूर्ण भरायच्या आतच गोठतं आणि पहिली काही डोकी अर्धवट निघतात, ती परत भांड्यात टाकायची. इतक्या बारीक खाचांना मऊ, शुद्ध शिसं लागतं, कडक मिश्रण नीट उतरत नाही. पाण्याचा एक थेंब जरी भांड्यात पडला तरी वाफ होऊन शिसं अंगावर उडतं, म्हणून साचा आणि गळ कोरडे ठक्क हवेत, खिडक्या उघड्या हव्यात आणि स्वयंपाकघरातलं भांडं अजिबात नको. हे सगळं नको असेल तर तयार डोकी आणून फक्त रंगवावीत. पावडर पेंटमध्ये, म्हणजे उष्णतेने चिकटणाऱ्या रंगाच्या पुडीत, गरम डोकं क्षणभर फिरवून काढायचं, जास्त तापलं तर पावडरचे गठ्ठे चिकटतात. दोरीचं भोक गरम असतानाच सुईने मोकळं करायचं आणि मग जुन्या ओव्हनमध्ये १७५ सेल्सिअसच्या आसपास १५-२० मिनिटं भाजायचं. रंग आधी, पिसं नंतर, हे वेगळं सांगायला नको.

अंगासाठी सगळ्यात भरवशाचं पीस माराबू. पूर्वी ते माराबू करकोच्याचं असायचं, आता टर्कीचं मिळतं. कोरडं असताना ते हाताला लागत नाही, सगळीकडे उडतं, म्हणून बोट ओलं करून त्याची वात वळायची, गळाच्या दांडीएवढी शेपटी मोजायची, डोक्यामागे दोऱ्याचे पाच-सहा घट्ट वेढे, वर शेनीलचे (मऊ, केसाळ दोऱ्याचे) दोन-तीन वेढे, गाठ, आणि गाठीवर बिनरंगी नेलपॉलिश. पीस जास्त घेतलं तर जिग गुबगुबीत दिसतो पण पाण्यात हलत नाही, विरळच बरं. माराबूचा फायदा असा की जिग स्थिर लटकत असला तरी तंतू हलत राहतात आणि मऊ असल्यामुळे ओढीबरोबर आत जातात.

शिशाबद्दल कायदा बघावा लागतो. लून नावाचे पाणपक्षी तुटलेले जिग गिळतात आणि विषबाधेने मरतात, म्हणून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ पासून नद्या-तळ्यांसारख्या आतल्या पाण्यांत १ औंसापेक्षा हलके शिशाचे जिग वापरायला बंदी आहे, इतर काही राज्यांतही वेगवेगळे नियम आहेत. पर्याय म्हणून कथील आणि बिस्मथ घरी वितळवता येतात, पण दोन्ही हलके, त्यामुळे तेवढ्याच वजनाचं डोकं मोठं दिसतं. टंगस्टनचं उलटं, ते शिशाच्या जवळजवळ पावणेदोन पट घन, बर्फाला भोक पाडून मासे धरणारे त्याच्यावर जीव टाकतात कारण दाणा बारीक राहूनही पटकन खाली जातो, पण ते घरी ओतता येत नाही, विकतच घ्यायचं.

शेवटी बांधणी. काठीच्या टोकाखाली किंवा फ्लोटखाली लटकवलेला जिग आडवा राहायला हवा, पोहणाऱ्या किड्यासारखा, आणि ते गाठीवर ठरतं. गाठ भोकाच्या वरच्या मध्यावर बसलेली असेल तर तो आडवा, पुढे सरकली की शेपूट खाली लोंबतं, त्यामुळे प्रत्येक मासा काढल्यावर बोटाने गाठ परत जागेवर ढकलायची.